गोपिकेच्या लुटीतली झाडं

"चंपतले दोनदा सांगजो," सासूबाई म्हणाल्या होत्या. "एकदा सांगितलं तर तो मान हलवते आन् मंग आपल्या मनासारखं करते. माहा भाऊ हाय तो, मले ठाऊक हाय. पाव्हणी येऊन राहिली म्हटल्यावर तो बाग सुकी ठेवणार नाही."

मी तेव्हा गोपिकेची दुपटी घडी करत होते. ती आठ महिन्यांची होती आणि तिला कालपासून खोकला होता, त्यामुळे माझा एक कान तिच्या श्वासाकडे होता. मी म्हटलं, "आई, मामाजींना सगळं समजावलंय. ते काय लहान आहेत?" आणि दुसरं दुपटं उचललं.

पाहुणी यायची होती ती सिसिलीहून. इटलीच्या पायथ्याशी जे बेट आहे ना, तिथून. नाव आगाता. वयाने माझ्याएवढीच, आणि माझ्यासारखीच डॉक्टरेट नुकती हातात पडलेली. मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि काटोलकडच्या संत्र्याच्या झाडांची मुळं का कुजतात ते शोधत होते. ती तिच्या गावच्या लिंबाच्या बागांत तेच शोधत होती. तिचा एक शोधनिबंध कुठेतरी नोंदवलेला पाहून मी तिला एक कार्ड टाकलं होतं, प्रत पाठवा म्हणून. अशी कार्डं आम्ही मंडळी जगभर टाकत असतो. दहातल्या दोघांचं उत्तर येतं. आगाताने प्रत पाठवली, आणि वर पेनाने एक ओळ लिहिली: तुमच्याकडेही झाडांना मुद्दाम तहानलेलं ठेवतात, असं वाचलं. खरं का?

खरं होतं. संत्र्याला बहर यावा म्हणून आमच्याकडे हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड तोंड पाडून उभं राहतं. मग संक्रांतीच्या पुढेमागे पाणी सोडलं की काही आठवड्यांत फांदीफांदीवर फुलं येतात. याला ताण देणं म्हणतात. काटोलच्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याला भात कसा खायचा ते सांगणं. पण सिसिलीतले लिंबूवालेही भर उन्हाळ्यात हेच करतात, हे मला आगाताच्या त्या एका ओळीपर्यंत माहीत नव्हतं. मी ती ओळ ह्यांना वाचून दाखवली तेव्हा हे कोराडीच्या वीजकेंद्रातून रात्रपाळी करून आले होते, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "म्हणजे तिकडंही मामाजी आहेत?"

आमचा प्रश्न असा होता. ताणावर असलेल्या बागेत निरोगी झाड आणि मुळापासून कुजलेलं झाड, दोन्ही सारखीच मलूल दिसतात. कोणतं आजारी आहे ते पाणी सोडल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो, कारण तेच पाणी आजाऱ्याच्या आळ्यातून शेजारच्या आळ्यात रोग घेऊन जातं. पाणी सोडायच्या आधी ओळखता आलं तर? निरोगी झाड मुळांमध्ये पिठूळ अंश साठवून ठेवतं. बोटाएवढं मूळ कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर ते काळंनिळं व्हायला हवं. शाळेत भाताच्या पेजेवर आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. आजारी झाडाची साठवण संपलेली असते, त्याचं मूळ पिवळंच राहतं. आगाताने लिंबावर हे थोडं करून पाहिलं होतं. पण एका ठिकाणची गोष्ट एका ठिकाणची असते. दोन देशांत, दोन झाडांवर, दोन ऋतूंत तेच दिसलं, तर मग कोणी ऐकलं असतं.

त्यासाठी भेटायला हवं होतं, आणि आमच्या दोघींच्याही कॉलेजांना आम्ही कोण हेसुद्धा नीट ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्या विभागाच्या वामनराव सरांनी एक माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. परदेशातली एक छोटी संस्था होती. ज्यांची नुकती सुरुवात आहे अशा दोन देशांतल्या दोन संशोधकांना एकत्र काम सुरू करता यावं म्हणून ती अनुदान द्यायची. सीड ग्रँट म्हणायचे त्याला, बियाण्यापुरतं अनुदान. आधी एक जण दुसऱ्याकडे येणार, आणि त्या एका हंगामात काही निष्पन्न झालं तरच पुढच्या हंगामात दुसरा पहिल्याकडे जाणार. नाही झालं तर तिथेच संपलं. सर म्हणाले, "बाई, मूल लहान आहे, पुढच्या वर्षी भरा असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी ते चालायला लागतं, मग तर मुळीच होत नाही."

आम्हा दोघींना ते मिळालं. ज्यांनी आमची तोंडंही पाहिली नव्हती अशा माणसांनी आमच्यावर एक हंगाम लावला. मला तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

आगाता आली ती संक्रांतीच्या तोंडावर. एक बॅग, एक सूक्ष्मदर्शक, आणि तेवढीच मोठी बिस्किटांची पेटी. आमच्या प्रताप नगरच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने गोपिकेला उचलून दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि मी मनात म्हटलं, विमानातली सर्दी असेल तर? पाणी उकळून ठेवलं होतं, तरी मी पुन्हा उकळलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "तिले नाही, तुलेच ताप येईल वं काळजीनं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोपिकेला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघी सकाळच्या बसने काटोलला गेलो. तिथून पुढे मामाजींची बैलगाडी. मामाजी म्हणजे चंपतराव, सासूबाईंचे धाकटे भाऊ. एकटेच राहायचे, मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची विहिरीखालची बाग मी ह्या कामासाठी मागितली होती. आजारी, निरोगी, मधली, सगळ्या तऱ्हेची झाडं त्यात होती, आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून ती ताणावर होती.

गाडी वळणावर आली आणि मला बाग दिसली. हिरवी. चकचकीत हिरवी. पानं ताठ.

मामाजी बांधावर उभे होते, धुतलेली पांढरी टोपी घालून. "या, या मॅडम! आमची बाग पाहा!"

प्रत्येक झाडाच्या आळ्यातली माती काळीशार ओली होती. मी चप्पल काढून पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत रुतला.

"मामाजी," मी म्हटलं, "पाणी?"

"आठ दिवस मोटर चालवली जी," ते हसून म्हणाले. "एवढ्या दुरून पाव्हणी येऊन राहिली आन् बाग काय तोंड पाडून उभी राहील? लोकं म्हणतील, चंपतरावच्या विहिरीत पाणीच नाही."

आगाता खाली बसली. तिने एका झाडाच्या बुंध्याशी हाताने माती बाजूला केली, एक मूळ बोटांत धरून पाहिलं आणि माती परत लोटली. मग वर फांदीकडे पाहिलं. तिथे इवले पोपटी अंकुर फुटू लागले होते. पाणी मिळालं की झाड मुळातली साठवण वर काढू लागतं. आता मूळ पिवळं दिसलं तरी ते आजाराने की अंकुरांनी, हे कोणीच सांगू शकलं नसतं. हे मला तिला सांगावं लागलं नाही.

"एकही झाड राहिलं नाही?" तिने विचारलं.

मी मामाजींना विचारलं. "एकही नाही," ते अभिमानाने म्हणाले. "कोपऱ्यातल्यालेबी दिलं. दुजाभाव कशाले?"

मग मी त्यांना सांगितलं. हळू, जितकं हळू सांगता येतं तितकं. ते ऐकता ऐकता पाटाच्या काठावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पाणी परत नाही काढता येत काय? मी चर खणतो. दोन गडी लावतो, संध्याकाळपर्यंत खणतो."

आगाताने मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं. तिच्या तोंडावर हसू आलं होतं आणि डोळे भरले होते, दोन्ही एकदम. तिने त्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. पण मी तिच्याकडे बघत होते, मला कळत होतं. तिची रजा तीन आठवड्यांची. परतीचं तिकीट ठरलेलं. हा हंगाम रिकामा गेला की माझं तिकडे जाणं नाही, तिचं काम अर्धं, माझं काम शून्य.

दुपारी मामाजी आम्हाला आसपासच्या दोन बागांत घेऊन गेले. झाडं तिथे ताणावरच होती, पण सगळे संक्रांत झाली की पाणी सोडणार होते. दोघांनीही चहा पाजला आणि दोघेही नाही म्हणाले. एकजण म्हणाला, "मुळ्याबी कापू द्यायच्या आन् पाणीबी थांबवायचं? बहर हुकला तं मॅडम इटलीहून संत्री पाठवन काय?" त्याचं काही चुकलं नव्हतं. ताण जास्त लांबला तर झाड खचतं. त्याचं वर्षाचं पोट त्यावर होतं.

संध्याकाळच्या बसने सासूबाई गोपिकेला घेऊन आल्या. हे आधीच ठरलेलं होतं. गोपिकेची पहिली संक्रांत होती, आणि तिचं बोरन्हाण मामाजींच्या घरी करायचं होतं. आमच्याकडे त्याला लूट म्हणतात: बाळाला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. मी गोपिकेला घेतलं, तिच्या छातीला कान लावला. खोकला कमी होता. मग सासूबाईंना सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता म्हणतील, दोनदा सांगजो म्हटलं होतं ना. मामाजी दारात उभे होते, तोंड उतरलेलं. पण त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तू काहून मेल्यावानी उभा हाय गा? जाय, बोरं घेऊन ये. किडकी आणशील तं परत पाठवीन." आणि मग मला, "किती झाडं लागतात वं तुले?"

"चाळीसेक तरी, आई. पण मिळणार नाहीत. आम्ही विचारलं."

"कोणाले विचारलं?"

"शेतकऱ्यांना."

"हां," त्या म्हणाल्या, "माणसांले विचारलं."

लुटीला दुसऱ्या दिवशी ओसरी बायकांनी भरून गेली. आगाताला कोणीतरी काठाचं लुगडं नेसवलं होतं, ते ती दोन्ही हातांनी धरून बसली होती, सुटेल म्हणून. शेजारच्या शोभाताई, ज्यांच्या तोंडाला गावात सगळे भ्यायचे, तिला न्याहाळत होत्या. मला म्हणाल्या, "मॅडमचं लगन झालं काय?"

"नाही."

"मंग मुळ्या काहून खणते? पोट्टा पाहायले सांग तिच्या मायले."

मी ते आगाताला सांगितलं. तिने शोभाताईंना सांगायला लावलं की तिच्या घरीही अगदी हेच म्हणतात, ह्याच शब्दांत. ओसरी हसली. शोभाताईंनी तिला आपल्या हाताने तिळगूळ भरवला.

गोपिकेला काळा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घातले होते. ती पाटावर बसून गळ्यातला हलवा तोडून खात होती. बोरं ओतायला सुरुवात झाली आणि मी तिच्या तोंडापुढे हात धरून बसले. बोराची बी घशात गेली तर? "हात काढ वं, लेकराले लूट दिसू दे," बायका ओरडत होत्या. मी काढला नाही. पोरं तुटून पडली. गोपिका आधी दचकली, मग खदखदून हसली, आणि तिच्या हसण्याने सगळ्या बायका हसू लागल्या.

मग आहेर. बायका एकेक पुढे यायच्या, कुंकू लावायच्या, बाळाच्या पुढ्यात काहीतरी ठेवायच्या. झबलं, वाटी. पहिलं झबलं पुढे आलं आणि सासूबाईंनी हात आडवा केला.

"झबलं राहू द्या. माही नात यंदा झाडं घेते."

बायकांना वाटलं, गंमत आहे.

"गंमत नाही. ताणावरचे दोन-दोन झाडं. ह्या दोघी बोटाएवढं मूळ काढतीन, परत माती लावतीन. पाणी आठ-दहा दिवस उशिरा द्या, बाकी काही नाही. झाडं तुमचेच. मले फक्त त्यायची तहान द्या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गोपिका मुरमुरे चिवडत होती. शोभाताई म्हणाल्या, "मनकर्णाबाई, आन् आमच्या मालकाले कोण सांगन?"

"तू सांगजो. एवढे वर्षं त्यानं काय खायचं ते तूच ठरवून राहिली ना?"

"खायचं येगळं."

"संत्री काय खात नाही काय?"

हसू फुटलं, पण कोणी पुढे आलं नाही. मी खाली बघत बसले. मला वाटत होतं, हे थांबवावं. आहेराच्या वेळी कोणाच्या पोटावरची गोष्ट मागू नये. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. वीस-एकवीसची असेल. शेजारच्या बळीरामची बायको, रुख्मिणी; लग्न होऊन वर्ष झालेलं, माहेर खाप्याचं. ती पुढे आली, गोपिकेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "माहे दोन. आमच्या विहिरीजवळचे."

"सासूले इचारलं काय वं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"लेकराच्या लुटीत द्यायचं तं इचारायचं काय?" रुख्मिणी म्हणाली, आणि जाऊन आपल्या जागी बसली. तिचे कान लाल झाले होते, ते मला दिसलं.

मग शोभाताई उठल्या. "हे पोट्टी देते आन् मी काय बसून राहू? माहे चार." त्यानंतर बाकीच्या. कोणी दोन, कोणी एक, कोणी "चावऱ्या कुत्र्याजवळचं एक, खणता येत असंल तं खणा." आगाता माझा दंड धरून विचारत होती, काय चाललंय, काय म्हणताहेत? मी तिला बोटांवर झाडं मोजून दाखवत गेले.

लुटीत दिलेलं परत कोणी मागत नाही. पुरुष कुरकुरले असतील, शोभाताईंच्या मालकांनी दोन दिवस अबोला धरला असं ऐकलं, पण एकाही झाडाचं पाणी कोणी सोडलं नाही. पहाटे मामाजी चुन्याची बादली घेऊन निघायचे आणि दिलेल्या झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे ओढायचे, चुकून कोणी पाणी देऊ नये म्हणून. कुठे बांधावर बसून राखणच करायचे. मी म्हटलं, "मामाजी, घरी जा, ऊन झालं." म्हणाले, "मी राखतो. माह्यावर माहा भरवसा नाही, दुसऱ्यावर कसा ठेवू?"

एका बागेत चाळीस झाडं बघायची ठरलं होतं. आता ती वीस-बावीस बागांत विखुरली होती. काळी जमीन, मुरमाड जमीन, म्हातारी झाडं, तरणी झाडं. आगाता म्हणाली, आपण मागितलं होतं त्यापेक्षा हे चांगलं आहे; एकाच बागेवरून काढलेल्या निष्कर्षाला कोणीही हसलं असतं. ती दिवसभर उकिडवी बसून मुळं काढायची. आंब्याखाली बाज टाकून मी ब्लेडने त्यांच्या चकत्या करायची, थेंब टाकायची. गोपिका सासूबाईंच्या मांडीवर, माझ्या नजरेच्या टप्प्यात. आयोडीनची बाटली मी दर वेळी बूच लावून कमरेला खोचत होते.

बहुतेक चकत्या काळ्यानिळ्या झाल्या. काही पिवळ्या राहिल्या, आणि त्या ज्या झाडांच्या होत्या ती बघूनच आजारी वाटत होती. त्याने काही सिद्ध होत नव्हतं. मग रुख्मिणीच्या विहिरीजवळच्या दोन झाडांपैकी एकाची चकती आली. सगळ्या झाडांत ते देखणं होतं. ताणावर असूनही भरदार, पानं जराशीच उतरलेली. त्याची चकती पिवळी. मला वाटलं थेंब कमी पडला. आगाताने दुसऱ्या बाजूचं मूळ काढलं. पिवळी. तिसरं. पिवळी.

बळीराम कमरेवर हात ठेवून उभा होता. तो हसला. "ह्या झाडाले रोग? बाई, मागच्या साली हेच झाड लदलं होतं. बाटली बदलून पाहा."

आगाताने नोंद केली: आजारी. बळीरामला मी सांगितलं, ह्याच्या आळ्यातलं पाणी पुढच्या रांगेत जाऊ देऊ नका, मधे माती टाका. तो म्हणाला, टाकतो, पण हसतच होता. रुख्मिणी विहिरीवर उभी होती. तिने आम्ही गेल्यावर स्वतः फावडं घेऊन पाट बुजवला, हे मला मामाजींनी नंतर सांगितलं.

ठरल्याप्रमाणे ताण सुटला. आगाता बिस्किटांच्या पेटीत मुळांच्या चकत्या भरून परत गेली. निघताना ती सासूबाईंना मिठी मारून रडली आणि सासूबाई तिच्या पाठीवर थापटत म्हणाल्या, "पोचली की सांगजो." कसं सांगणार होती कोण जाणे, पण तिने तार केली.

मग वाट बघणं. मी दर रविवारी गोपिकेला घेऊन काटोलला जायची. फेब्रुवारीत बागा फुलल्या, बसमध्येसुद्धा वास यायचा. चुन्याच्या पट्ट्यांची झाडं फुलली. पाणी उशिरा मिळूनही. ज्यांच्या चकत्या पिवळ्या राहिल्या होत्या ती नीट फुलली नाहीत. आणि रुख्मिणीचं ते देखणं झाड, त्यावर चार फुलं आली, मग होळीच्या आत पानं गळाली, आणि ते उभ्या उभ्या वाळलं. आम्ही खणलं. मुख्य मूळ आतून काळं, हाताला लागेल तसं सुटत होतं. पुढची रांग मात्र फुलांनी भरली होती. पाट बुजवलेला होता ना.

आमच्या सगळ्या कामात हेच एक झाड असं होतं, की डोळ्यांनी निरोगी आणि मुळाने आजारी. बाकीची झाडं नुसत्या डोळ्यांनीही ओळखता आली असती. हे नसतं तर आम्हाला म्हणायला काही नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून अहवाल पाठवला, आणि संस्थेने दुसरा हंगाम मंजूर केला. जूनमध्ये सिसिलीतले लिंबू ताणावर असतात. मी त्याआधी पोचायची आहे. गोपिका आजीजवळ राहील. ह्यांनी दिवसपाळी मागून घेतली आहे. मामाजी म्हणाले, मी नागपूरला येऊन राहतो, पोरीले राखतो. सासूबाई म्हणाल्या, तुले कोण राखन? आगाताने कळवलंय की तिची आई माझ्यासाठी पाणी उकळून ठेवणार आहे. मी त्या सगळ्यांची, आणि कुठल्यातरी दूरच्या कचेरीत बसून आमच्या नावापुढे होकार लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसांचीही, फार फार ऋणी आहे. रोज एकदा तरी मनात हात जोडते.

पण एक गोष्ट राहिली आहे. झाड वाळलं तेव्हा रुख्मिणीच्या सासूने घर डोक्यावर घेतलं. हिनं तहान देऊन टाकली म्हणून झाड मेलं. मी गेले, कापलेलं मूळ दाखवलं, बाटली दाखवली, सांगितलं की ते आधीच आजारी होतं, पाणी वेळेवर दिलं असतं तरी गेलं असतं आणि पुढची रांग घेऊन गेलं असतं. बळीरामला पटलं, निदान तो खाली बघत होता. सासू म्हणाली, "बाई, तुमच्या बाटलीनं माहं झाड परत येते काय?" रुख्मिणीने चहा आणून ठेवला, आणि आत निघून गेली. त्यानंतरच्या रविवारी ती घरी नव्हती. माहेरी गेली, एवढंच म्हणाले. पहिलं बाळंतपण असेल. उन्हाळा आहे, लोक माहेरी जातातच. मी काळजीखोर आहे, सगळे म्हणतात. पण चहा ठेवताना तिचा चेहरा मी पाहिला होता. मी दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. खाप्याला जायला निघाले तर गोपिकेला गोवर निघाला. आता ती बरी आहे आणि माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे.

तुमच्यापैकी कोणी खाप्याचं असेल, किंवा सावनेरकडून त्या बाजूला जाणार असेल, तर एक काम करा. बाजार ओलांडून कन्हान नदीच्या बाजूला गेलात की धोंडबांचं घर विचारा; त्यांची मुलगी रुख्मिणी. तिला सांगा की तिच्या त्या झाडामुळे दोन देशांतल्या बागा वाचतील, आणि तिनं काही चुकीचं दिलं नाही. आणि सांगून लगेच उठू नका. पाणी मागा, थोडं बसा. ती जेवते का, हसते का, घरातले तिच्याशी कसं बोलतात, ते बघा. आणि आमच्या घरी सासूबाईंना कळवा, त्या मला कळवतील.